एकट्या दाईला जे दिसत नाही

वाळूचं एक छोटं घड्याळ, बरोबर एका मिनिटाचं. त्याच्या जोडीला मण्यांच्या दोन ओळी, एकीत सहा मणी, दुसरीत पाच, आणि दोन्हींतला शेवटचा मणी लाल. लहान मुलांच्या मणिपाटीसारखं दिसणारं हे साधन ऐंशीचं दशक संपता संपता गडचिरोलीच्या खेड्यांतल्या दायांच्या हाती पडलं. ते तयार केलं होतं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं धरून औषध द्यायचं. दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला सहाची ओळ, त्याहून मोठ्याला पाचाची. म्हणजे एकीकडे साठ श्वास, दुसरीकडे पन्नास.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला साठपर्यंत मोजता येईलच असं नाही. दहापर्यंत येतं, आणि इथे तेवढंच लागतं.

श्वासच का मोजायचे? फुप्फुसाला सूज आली की ते ताठ होतं, खोल श्वास घेता येत नाही. मग शरीर उथळ श्वास भराभर घेऊन हवेची तूट भरून काढतं. गावात ‘डबा झाला’ म्हणतात तेव्हा आईला हेच दिसलेलं असतं. प्रश्न फक्त इतकाच की किती भराभर म्हणजे जास्त? त्याचं उत्तर साठ आणि पन्नास हे आकडे देतात. अशा उपचाराचा उपयोग किती, हे पाहायला १९८८-८९ मध्ये काही गावांत दाया, आरोग्यदूत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत न्यूमोनियावर उपचार झाले आणि शेजारची गावं तुलनेसाठी होती तशी ठेवली गेली. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. उपचार झालेल्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी होते.

मण्यांची करामत भारी आहेच. पण मला जास्त नवल वाटतं ते साठ आणि पन्नास या आकड्यांचं. कितीही हुशार दाई असो, कितीही वर्षं हाताखालून बाळं जावोत, हे आकडे तिला स्वतःच्या अनुभवातून कधीच सापडले नसते. त्याचं कारण गणितात आहे.

‘सर्च’ने नव्वदच्या दशकात नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला तो ३९ गावांत. लोकसंख्या सगळी मिळून सुमारे ३९ हजार, म्हणजे सरासरी हजार माणसांचं एक गाव. अशा गावात तेव्हा वर्षाला पंचवीस-तीस बाळंतपणं होत. गावात दोन-तीन दाया धरल्या, तर एकीच्या वाट्याला वर्षाला दहा. आता समजा, एखादी जीवघेणी गुंतागुंत शंभरात दोनदा घडते. दाईला ती पाच वर्षांतून एकदा दिसणार. पहिल्यांदा दिसली तेव्हा तिने जे केलं ते बरोबर होतं की चूक, हे पडताळायला पुढची पाच वर्षं थांबायचं. तीस वर्षं काम केलेल्या दाईच्या गाठीला असे प्रसंग सहा. त्यातल्या दोघी वाचल्या. काढ्याने वाचल्या, नशिबाने, की गाडी वेळेत मिळाली म्हणून? सहा प्रसंगांतून याचं उत्तर निघत नाही. जगातला कोणताही संख्याशास्त्रज्ञ ते काढू शकणार नाही.

याच गावांतल्या ७७२ बायकांचं बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस घरी जाऊन नोंदवले गेले, तेव्हा निम्म्याहून जास्त जणींना काही ना काही त्रास झालेला आढळला, आणि सुमारे १५ टक्के जणींचा त्रास तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज पडू शकेल असा होता. एकेका दाईला विचारलं असतं तर बहुतेक जणींनी सांगितलं असतं की आमच्याकडे सगळं ठीक असतं. त्या खोटं बोलत नसत्या. दहांतल्या एक-दोन अडचणी आठवणीत ‘त्या बाईचं जरा अवघड गेलं’ एवढ्याच उरतात. ७७२ जणी एका वहीत आल्या की त्यांची टक्केवारी होते.

बाळ जन्मलं आणि रडलंच नाही, तर काय करायचं? देशाच्या अनेक भागांत दाया नाळ न कापता वार शेकत. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. वार शेकल्याने बाळ जगत नाही, पण नाळ न कापल्यामुळे वारेतलं रक्त बाळाला मिळत राहतं, आणि ज्याला कृत्रिम श्वास द्यावा लागत नाही अशा बाळाची नाळ किमान एक मिनिट तरी कापू नका, असं आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. योग्य गोष्ट आणि निरुपयोगी गोष्ट एकाच रीतीत गुंतून बसली होती, आणि ती सोडवायला लागणारी बाळं एकीच्या आयुष्यात पुरत नाहीत. गडचिरोलीत हा गुंता पायरीपायरीने सोडवला गेला. आधी दाई तोंडाने फुंकर देत असे. मग बाळंतपणाला दाईसोबत शिकलेली आरोग्यदूत बसू लागली आणि नळी-मास्क वापरू लागली. १९९९ नंतर फुगा-मास्क आला. दर पायरीला नोंदी होत्या, डॉक्टर पंधरवड्याला गावात येऊन त्या तपासत. मूल गेलं तर घरच्यांशी बोलून शेवटचे तास लिहून काढले जात. श्वास गंभीरपणे अडकलेल्या बाळांत आधी शंभरातली ३९ जात, ती २० वर आली. वाचलेल्या दर जिवामागे फुगा-मास्कचा खर्च निघाला तेरा डॉलर.

आणि नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात? आधी शंभरात सुमारे सतरा दगावत, घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन मिळू लागल्यावर तिनाच्या आत. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या लेखाने एकूण नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं, आणि २०११ पासून नवजाताच्या घरगुती काळजीची पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. हे सगळं बहुतेकांना ठाऊक आहे, बंग दांपत्याचं कौतुकही भरपूर झालं आहे. माझं कुतूहल वेगळं आहे. इथे विखुरलेल्या बायकांचा अनुभव एका ठिकाणी जमा करण्याचं काम एका संशोधन संस्थेनं केलं. ती संस्था नसती तर ते कोणी केलं असतं?

जगात याचं उत्तर आहे, मिडवाइफांची, म्हणजे शिकलेल्या सुईणींची, संघटना. संघटना म्हटलं की आपल्याकडे मोर्चा, निवेदन आणि वेतनवाढ डोळ्यांसमोर येते. तेही हवंच. पण ज्याचं मूळ १९१९ साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात रुजलं, तो मिडवाइफांचा आंतरराष्ट्रीय महासंघ या व्यवसायाचे तीन खांब सांगतो. शिक्षण, नियमन आणि संघटना. पहिले दोन सरकारकडून येऊ शकतात, तिसरा ज्यांचा त्यांनीच उभा करायचा. बिकट बाळंतपणाची हकिगत दहाजणींपुढे न लाजता सांगता येईल अशी जागा हवी. काय करायचा आपल्याला अधिकार आहे आणि काय नाही, हे ठरवताना मंत्रालयात आपलं माणूस हवं. आणि आई दगावली की सगळा राग सुईणीवर निघतो, तेव्हा तिच्या बाजूने नोंदी घेऊन उभं राहणारं कोणी तरी हवं. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो मला, कारण जिथे दोषाची भीती असते तिथे हकिगती बाहेर येत नाहीत, आणि हकिगती आल्या नाहीत की वर मांडलेलं सगळं गणित कोसळतं.

अफगाणिस्तानचं बघा. बदख्शान प्रांतातल्या राघ या डोंगरी भागात २००२ च्या पाहणीत एक लाख जन्मांमागे साडेसहा हजार माता दगावत असल्याचं आढळलं. तुलनेसाठी, २०१८-२० मध्ये भारताचा हा आकडा ९७ आणि महाराष्ट्राचा ३३ होता. अख्ख्या अफगाणिस्तानात २००२ च्या सुमारास प्रशिक्षित मिडवाइफ पाचशेही नव्हत्या. मग गावाने निवडलेल्या मुलीला शिकवून त्याच गावात परत पाठवायचं, अशा शाळा निघाल्या. आश्चर्य पुढेच आहे. युद्धाने पोखरलेल्या त्या देशात २००५ सालीच या बायकांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली आणि प्रांतांत शाखा उघडल्या. रस्ते, वीज आणि सुरक्षितता यांच्या आधी संघटना! २०२४ च्या डिसेंबरात तालिबानने मुलींना वैद्यकीय संस्थांत शिकायलाही बंदी केली, त्यात मिडवाइफचे वर्गही आले. पण आधी शिकून गेलेल्या हजारो जणींच्या हातातलं काम फतव्याने पुसलं जात नाही.

तिथे निदान शाळा आणि संघटना एकाच वेळी वाढल्या. आपल्याकडे उलट झालं. एएनएमच्या, म्हणजे ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफच्या, नावातच ‘मिडवाइफ’ आहे. पन्नासच्या दशकात तिचं प्रशिक्षण दोन वर्षांचं असे आणि त्यात बाळंतपणावरच भर असे. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती केलं गेलं, १९७७ मध्ये अभ्यासक्रम दीड वर्षावर आला, आणि लसीकरण, कुटुंबनियोजन व रजिस्टरं यांनी तिचा दिवस भरून टाकला. दाईचं तर विचारूच नका. सरकारी योजनेत तिला तीस दिवसांचं प्रशिक्षण, तीनशे रुपये विद्यावेतन, एक पेटी आणि प्रमाणपत्र मिळे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपण दवाखान्यात झालं पाहिजे असं ठरलं, आणि दाई योजनेच्या कागदावरून हळूहळू नाहीशी झाली. निर्णय मुळात बरोबर होता. बाळंतपणानंतर रक्त थांबेना, तर दोन तासांत बाई जाऊ शकते. तिथे ऑक्सिटोसिन आणि रक्ताची पिशवी लागते, अनुभवी हात पुरत नाहीत. पण दाईला दारातून बाहेर काढताना तिला ठाऊक असलेलं कोणी लिहून घेतलं नाही, हेही खरं. कुठलं घर दवाखान्याला घाबरतं, कुठली सून महिने लपवते, पर्लकोटा नदी चढल्यावर कोणत्या वाटेने खाट नेता येते, ही माहिती रजिस्टरात नसते.

पर्लकोटेच्या पुराने गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षं तुटत आला आहे. म्हणून तर आदिवासी भागात ‘माहेरघरं’ निघाली. आरोग्य केंद्राच्या आवारातच एक खोली, दिवस भरत आलेल्या बाईने चार-पाच दिवस आधी येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई. कल्पना साधी आणि सुरेख आहे. मात्र शेवटचे चार दिवस घर सोडून राहायला बाईला राजी कोण करतं? आशाताई करते, आणि बऱ्याच गावांत तिच्यामागे एखादी म्हातारी दाई असते.

मिडवाइफांची राष्ट्रीय संघटना आपल्याकडे आहे. ‘सोसायटी ऑफ मिडवाइव्ज ऑफ इंडिया’ २००० साली हैदराबादला निघाली. २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचा खास अभ्यासक्रम आणला. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदाही झाला. नव्या अभ्यासक्रमाला जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग लागतं, त्यामुळे गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या उपकेंद्रातली एएनएम त्याच्या उंबरठ्याबाहेरच राहते. तीन हजार आदिवासी लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, त्यात ती बहुधा एकटी. पुन्हा तेच, एकटी बाई आणि थोडी बाळंतपणं. दवाखान्याकडे ओघ वाढला तशी उपकेंद्रातली बाळंतपणं आणखीच रोडावली, म्हणजे तिचं गणित आता जुन्या दाईपेक्षाही कठीण झालं आहे.

खरी गंमत अशी की संघटना कशी बांधायची हे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बायकांना कोणी शिकवायची गरज नाही. गडचिरोलीची दारूबंदी १९९३ ची, आणि तिच्यामागे गावोगावच्या बायका होत्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर दारूबंदीसाठी बायका २०१० च्या डिसेंबरात पायी चालत गेल्या, चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली (ती २०२१ मध्ये उठली, तो वाद निराळा). धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाने तर बांबूचा हक्क मिळवण्याच्या कितीतरी आधी अभ्यासगट नावाची गोष्ट चालवली. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, विषय समजून घेतात, निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने करते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ही रीत महाराष्ट्रभर माहीत झाली. मिडवाइफांच्या चांगल्या संघटनेचा गाभा याच रीतीचा असतो: आधी अभ्यास, मग ठराव.

तेव्हा या दोन जिल्ह्यांत एएनएम आणि परिचारिकांचा असा संघ निघाला, तर पहिला वाद सभासदत्वाचा होणार. आंतरराष्ट्रीय व्याख्येत दाई मिडवाइफ ठरत नाही, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते मताचा हक्क शिकलेल्या सिस्टरांना असावा, पण अभ्यासगटात दायांना आणि आशाताईंना बसवावं, आणि हकिगत सांगायची पहिली पाळी त्यांची असावी. वर्गणी जमेल तेवढी. दर बैठकीत महिन्याच्या अवघड बाळंतपणांची एकच वही, नावं झाकून. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी लागेल, कारण आतल्या गावांतून गाडी त्याच दिवशी मिळते. जुलै-ऑगस्टात भामरागडकडच्या जणींना फोनवरच घ्यावं लागेल, रेंज असली तर.