पाहुण्या म्हणून एकदा समुद्राला जाऊ या

आज कर्जाचं बोलायचं नाही, हप्त्याचंही नाही. आज बोलू या सुट्टीबद्दल. हो, आपल्या स्वतःच्या सुट्टीबद्दल.

ताडोबाच्या वाटेवर आपण रोज पर्यटकांच्या गाड्या पाहतो. आपल्यातल्या कुणी त्यांचा स्वयंपाक करतात, कुणी खोल्या झाडतात, काही जणी तर गाइडही झाल्या. पण आपण स्वतः पाहुण्या म्हणून कुठं गेलो? माहेर, लग्न, दवाखाना आणि देवदर्शन, एवढंच. आमच्या बैठकीत एकदा हा विषय निघाला. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "सारा जन्म जंगलात गेला. समुद्र तेवढा एकदा पाहावा म्हणते." तिथून सुरुवात झाली, आणि आम्ही अकरा जणी सिंधुदुर्गला जाऊन आलो. कसं जमवलं आणि तिथं काय पाहिलं, ते सांगतो.

पहिला प्रश्न पैशाचा. सहलीसाठी गटातून कर्ज घ्यायचं नाही, हा ठराव आधी लिहिला. नेहमीच्या बचतीला हात लावला नाही. वहीत वेगळं पान केलं आणि दर महिन्याला २५० रुपये टाकले. २० महिन्यांत प्रत्येकीचे ५००० झाले. रेल्वेचं साधं स्लीपर तिकीट, एसटी, राहणं आणि जेवण त्यात भागलं. राज्यात एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार झाला.

दुसरा प्रश्न, घर कोण पाहील? यासाठी बैठकीतच यादी केली. कुणाची गाय, कुणाच्या सासूच्या गोळ्या, कुणाच्या लेकराची शाळा. मागं राहणाऱ्या मैत्रिणींनी एकेक काम वाटून घेतलं. त्या जातील तेव्हा आम्ही त्यांचं घर पाहू, असं ठरलं.

वेळ निवडली जानेवारीची. धानाची मळणी आटोपलेली असते आणि मोहाला अजून अवकाश असतो. तिकडंही तेव्हा हवा बरी आणि समुद्र शांत असतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या बंद होतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हाच करा. वर्धा किंवा नागपूर गाठायचं, तिथून पनवेलकडं, आणि पुढं कोकण रेल्वेनं कुडाळ किंवा सावंतवाडी. प्रवास लांबचा आहे. भाकरी, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या सोबत घ्या.

सिंधुदुर्गच का? एक तर भाषा आपली. दुसरं म्हणजे एकाच जिल्ह्यात समुद्रही आहे आणि घनदाट जंगलही. सकाळी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर असलात तर दुपारी आंबोलीच्या घाटात पोचता. आपला गडचिरोली जिल्हा १९८२ चा, तर सिंधुदुर्ग १९८१ चा, म्हणजे वर्षभरानं मोठी बहीण. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तिथं निवास-न्याहारीची घरं पुष्कळ आहेत. आम्ही अशाच एका घरी उतरलो. तांदळाची भाकरी, माशाची आमटी आणि सोलकढी. भात खाणाऱ्या आपल्या पोटाला काही परकं वाटलं नाही.

आता समुद्राबद्दल. आपण वैनगंगेच्या काठच्या, पाणी आपल्याला ओळखीचं. पण नदी एकाच दिशेनं वाहते. समुद्र दिवसातून दोनदा वर येतो आणि दोनदा मागं जातो. हीच भरती आणि ओहोटी. चंद्र आणि सूर्य पाणी ओढतात म्हणून ती होते. अमावस्या-पौर्णिमेला ओढ सगळ्यात जास्त असते. आम्ही पहिल्याच दिवशी कोरड्या वाळूत चपला ठेवल्या आणि लांब फिरून आलो. परतलो तर दोघींच्या चपला समुद्रानं नेलेल्या.

मग घरच्या काकूंनी कोकणातला हिशोब शिकवला. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. जो आकडा येईल त्या वाजेच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. तिथी तर आपल्याला पाठच असतात! पण हा फक्त अंदाज आहे. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचंच.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. लाटांनी आलेलं पाणी कधीकधी अरुंद पट्ट्यातून जोरानं मागं खेचलं जातं. तिथं लाटा फुटत नाहीत, म्हणून ती जागा शांत दिसते. तीच सगळ्यात धोक्याची. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडं झगडू नये, दम संपतो. तरंगत राहावं, हात वर करावा आणि येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहावं. आपण मात्र गुडघ्याच्या वर जाऊ नये. भिजलेलं लुगडं फार जड होतं. होडीत बसताना लाइफ जॅकेट घालायचं, लाजायचं नाही.

मालवणहून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. शिवाजी महाराजांनी तो १६६४ ते १६६७ या काळात बेटावर बांधून घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूध, दही, साखर अशा नावांच्या गोड्या पाण्याच्या विहिरी. मावशींनी त्या पाण्याला हात लावून नमस्कार केला.

आंबोलीचं जंगल पाहून मात्र आम्ही जंगलातल्या बायाही गप्प झालो. आपलं जंगल सागाचं, बांबूचं, तेंदूचं. उन्हाळ्यात ते पानं गाळून पाणी वाचवतं. तिथं समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोसळतात. आपल्याकडं वर्षाला १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत ७००० च्या आसपास. म्हणून तिथली जांभूळ, अंजनी अशी झाडं वर्षभर हिरवी. हिरण्यकेशी नदी इथंच उगमते. तिथं सापडणाऱ्या एका लहानशा माशासाठी शासनानं २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. गंमत अशी की ही नदी जवळच्या समुद्राला न जाता पूर्वेला वळते आणि तिचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं. आपल्या वैनगंगेचं पाणीही प्राणहिता-गोदावरीतून तिथंच जातं.

ज्यांना सिकलसेल आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून निघावं. कार्ड आणि गोळ्या जवळ ठेवाव्यात, पाणी भरपूर प्यावं, थंड पाण्यात फार वेळ भिजू नये.

शेवटी वेंगुर्ल्याचं सांगतो. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभी राहणारी ही झाडं. त्यांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात आणि किनाराही धुपत नाही. वल्हं बाईच्या हाती, माहितीही तीच सांगते आणि पैसे गटाच्या खात्यात. आमच्यातली एक म्हणाली, "आपल्या तलावावर हे का नाही?" परतीच्या गाडीत याच गप्पा होत्या.

पैसे मात्र बारा जणींनी भरले होते. बारावीला ऐन वेळी घरून नाही म्हणाले. तिचे ५००० वहीत तिच्याच नावावर आहेत. ते कशासाठी साठवले, हे तिच्या घरी आम्ही सगळ्या मिळून सांगून आलो आहोत. पुढच्या तुकडीत पहिलं नाव तिचं लिहिलं आहे. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत वहीचं एक पान वेगळं काढा. सुरुवात तेवढ्यानंच होते.