जमिनीखाली निजणारी फुलझाडे

घराभोवती चार हात मोकळी जागा असली, किंवा नुसता गॅलरीचा कठडाच वाट्याला आला, तरी फुलझाडे लावण्याची हौस कोणास नसते? परंतु बाग करावयाची म्हणजे गुलाब, शेवंती आणि थंडीतील परदेशी हंगामी फुले यांचीच रोपे आणावयाची, असा जो परिपाठ पडून गेला आहे, त्यामुळे खत, कीड आणि उन्हाळ्यातील पाणी यांचा बंदोबस्त करता करता पुष्कळांचा उत्साह वर्षाच्या आतच मावळतो. वास्तविक ज्या मुलखात चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने बहुतेक कोरडे जातात, त्या मुलखाच्या ऋतुमानाशी ज्यांनी आपले सारे जीवन जुळवून घेतले आहे, ज्यांची पाने कोरड्या दिवसांत गळून गेली तरी ज्यांचा प्राण कंदाच्या रूपाने मातीखाली सुरक्षित राहतो, अशी फुलझाडे निवडली तर माळ्याचे निम्मे काम निसर्गच करतो. ती रोपवाटिकांत क्वचितच दिसतात, म्हणून दुर्मीळ वाटतात. जोपासण्यास मात्र ती फार सोपी आहेत.

त्यांत अग्रमान कळलावीचा. कोकणात हिला गौरीचे हात असेही म्हणतात. पहिल्या पावसानंतर हिचा कोंब वर येतो आणि पानांच्या टोकांना जे तणावे असतात, त्यांनी शेजारचे कुंपण धरून वेल चढू लागते. फूल उमलताना पाहण्यासारखे असते: कळी खाली मान घालून लोंबत असते, आणि मग तिच्या सहा पाकळ्या कडांना नागमोडी वळणे घेत उलट दिशेने वर वळतात, आरंभी हिरवट, मग पिवळ्या, मग टोकांकडून तांबूस होत होत शेवटी सबंध लाल. सहा पुंकेसर चोहोबाजूंस पसरलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये उभा असावयाचा तो कुक्षीवृंत बुडाशीच काटकोनात वळून आडवा झालेला दिसतो. एकाच वेलीवर एकाच वेळी या साऱ्या अवस्था दिसत असल्याने वेगवेगळ्या जातींची फुले एकत्र आल्याचा भास होतो.

हिचा कंद नांगराच्या आकाराचा, दोन बाहूंचा असतो, आणि प्रत्येक बाहूच्या टोकाशी एकच डोळा असतो. तो मोडला की त्या बाहूला कोंब येत नाही, म्हणून कंद हाताळताना घाई करू नये. मेअखेरीस पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत तो दोन-तीन इंच खोल आडवा पुरावा, म्हणजे काम झाले. एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. या वनस्पतीच्या सर्वांगात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते. तेच योग्य मात्रेत गाऊटवरील औषध म्हणून वापरतात, आणि त्यासाठी तामिळनाडूत, जिथे हे राज्यपुष्प आहे, शेतकरी हिची रीतसर लागवड करतात. ज्या घरात लहान मुले किंवा गुरेढोरे आहेत, तेथे ही लावू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे.

भुईचाफ्याचा क्रम कळलावीच्या उलट. थंडीत याची पाने सुकून जातात, कुंडीत कोरड्या मातीखेरीज काही उरत नाही, आणि मग ऐन उन्हाळ्यात, पानाचा मागमूस नसताना, ती माती भेदून पांढरी-जांभळी सुगंधी फुले थेट जमिनीलगत उमलतात. सकाळी उमललेले फूल संध्याकाळपर्यंत कोमेजते, परंतु दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरे येते, आणि हा क्रम काही दिवस चालतो. पावसाळ्यात येणारी पानेही देखणी असतात, वरून नक्षीदार आणि खालून जांभळट. याला सावली मानवते, तेव्हा उन्हाअभावी ज्यांची गॅलरी ओस पडली आहे त्यांनी हा अवश्य लावावा.

जागा ओलसर असेल तर सोनटक्का, आणि कुंपणाकडेची सावली उंच झाडाने भरावयाची असेल तर पेव. याची पाने खोडाभोवती सर्पिल जिन्यासारखी चढत जातात, आणि लाल कणसातून सुरकुतलेल्या कागदासारखी पांढरी फुले निघतात. आफ्रिकेतून आलेली फुटबॉल लिलीही याच वर्गातली. मे महिन्यात तिचा लाल गोळा उमलतो आणि पुढील वर्षापर्यंत तिची काही मागणी नसते.

या सर्वांच्या बाबतीत नवख्याचा घात होतो तो निद्राकाळात. पाने पिवळी पडली की झाड मेले असे समजून कोणी कुंडी ओतून टाकतो, तर कोणी मायेने रोज पाणी घालून कंद कुजवतो. पाने पिवळी पडू लागताच पाणी कमी करीत आणावे, ती सुकल्यावर अगदी बंद करावे, कुंडी पावसाच्या व उन्हाच्या माऱ्यापासून दूर ठेवावी, आणि आत काय आहे याची चिठ्ठी काठीला बांधून मातीत खोचावी. सोनटक्का तेवढा अपवाद. त्याची माती सबंध कोरडी पडू देऊ नये.

कंद मिळवावे ते परिचितांच्या बागेतून. कुंडी भरली की ते दर दोन-तीन वर्षांनी वेगळे करावेच लागतात, त्यामुळे देणाऱ्यासही ते जड वाटत नाही. रानातील कंद मात्र खणून आणू नयेत. औषधासाठी होणाऱ्या खणतीने कळलावी पुष्कळ ठिकाणांहून आधीच हटली आहे. तिची बी पेरून वेल वाढविता येते, फूल दिसण्यास काही वर्षे लागतात इतकेच.