लोंबीतील वाढते दाणे

हैदराबादेतील हिमायतनगरात बारीक तांदूळ मागणाऱ्या गिऱ्हाइकास ‘सांबा मसुरी’ हे नाव नवे नाही. आंध्रातील बापटला येथे सिद्ध झालेली ही जात १९८६ साली प्रसृत झाली. दाणा बारीक, भात रुचकर, बाजारात मानही मोठा. परंतु पीक हाती येण्यास सुमारे पाच महिने लागतात, आणि तितके दिवस शेतास पाणी पुरवावे लागते.

याच शहराच्या राजेंद्रनगर भागात भारतीय भात संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी सांबा मसुरीपासूनच ‘डीआरआर धान १००’ म्हणजेच ‘कमला’ ही जात घडविली व ४ मे २०२५ रोजी ती जाहीर झाली. ही किमया साधली कशी?

वनस्पतींच्या अंगी सायटोकायनिन नावाचे संजीवक असते. ते मुबलक असले म्हणजे लोंबीत दाणे अधिक धरतात. मात्र या संजीवकाचे विघटन करणारे एक विकरही रोपातच असते आणि ते बनविण्याची आज्ञा एका जनुकात असते. ‘क्रिस्पर’ नावाच्या रेणूरूपी कात्रीने शास्त्रज्ञांनी नेमका तोच जनुक छेदला. छेद सांधताना पेशीकडून किंचित चूक होते व जनुक निकामी होतो. मग संजीवक टिकते आणि दाणे वाढतात.

२००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसात जिवाणूचा जनुक घातलेला होता. कमलामध्ये असा परका जनुक नाही. म्हणूनच २०२२ साली केंद्र सरकारने अशा वनस्पतींना जनुकीय नियमावलीतील कडक तरतुदींतून सूट दिली.

संस्थेच्या चाचण्यांत मूळ जातीचे हेक्टरी साडेचार टन, तर कमलाचे सरासरी ५.३७ टन उत्पन्न आले. शिवाय पीक सुमारे वीस दिवस आधी तयार झाले. वीस दिवसांचे पाणी वाचणे ही दख्खनच्या शेतकऱ्यास लहान गोष्ट नव्हे.

तथापि आक्षेपही आहेत. चाचण्यांच्या आकड्यांविषयी काही संघटनांनी शंका घेतली आहे. कात्रीच्या तंत्राचे एकस्व परदेशी संस्थांकडे आहे. तेव्हा घरचे बी राखून पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्क अबाधित राहील ना, हाही प्रश्न विचारला जातो. जनुक प्रयोगशाळेत बदलता येतो. विश्वास मात्र शेतात, हंगामामागून हंगाम, पिकवावा लागतो.