ज्वारीचे बियाणे : कणीस कोणते निवडावे?

खळ्यावर कणसांचा ढीग पडला म्हणजे त्यातील सर्वांत मोठे कणीस बियाण्यासाठी बाजूला काढावे, असे पुष्कळांस वाटते. हेतू योग्य आहे. रीत अपुरी आहे. ते कणीस बांधालगतच्या विरळ ताटाचे असेल, तर त्यास ऊन, ओल व खत शेजाऱ्यांहून अधिक मिळालेले असते. हे थोरपण जागेचे, वंशाचे नव्हे. ते पुढील पिढीत उतरत नाही. म्हणून निवड उभ्या पिकात, शेताच्या मध्यभागी, सारख्या अंतरावरील ताटांतून करावी.

उत्पन्न हा एकच गुण नाही. क्षेत्रातील कणसे, दर कणसातील दाणे आणि दाण्याचे वजन यांचा तो गुणाकार होय. ज्वारीत दाण्यांच्या संख्येचा उत्पन्नाशी विशेष निकटचा संबंध आढळतो. परंतु दाणे वाढले की दाणा बारीक होण्याकडे कल असतो. याउलट उंची व फुलोऱ्याचा काळ हे गुण वंशाने बरेच निश्चितपणे उतरतात, त्यामुळे त्यांची निवड सोपी.

सोपी, पण निर्धोक नव्हे. १९६४ साली प्रसारित झालेला सीएसएच-१ हा देशातील ज्वारीचा पहिला संकरित वाण. तो ठेंगणा, लवकर येणारा व भरपूर धान्य देणारा होता. गावरान खरीप ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते आणि पाऊस ओसरल्यावर पिकते. हा वाण मात्र पावसातच दाण्यावर येई. मग दाण्यास बुरशी लागून तो काळा पडे. शिवाय कडबा थोडा. ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे, त्याने कोठीबरोबर गंजीचाही हिशेब करावयाचा असतो! सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा उंच रब्बी वाण भाकरी व कडबा या दोन्ही कारणांनी शेतकऱ्यांनी टिकवून ठेवला.

संकरित वाणाचे कणीस बियाण्यास ठेवू नये. पुढील पिढीत त्याचे गुण विखुरतात, हे पालकांस अवश्य सांगावे.

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनने ज्वारीची बरीच जागा घेतली असल्याने शेत शोधावे लागेल. मिळाल्यास बांधावरील पाच व मधली पाच कणसे मुलांकडून आणवावीत, दाणे मोजवावेत आणि दोन्ही गटांची सरासरी फळ्यावर लिहावी. शंभर दाण्यांचे वजन जेमतेम तीन ग्रॅम भरते; तेवढ्यासाठी किराणा दुकानाचा तराजू चालणार नाही, सोनाराची विनवणी करावी.