शंभरातल्या किती?

मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं २००४ साली. ‘आता सहा केमो घ्यायच्या,’ एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. त्यांचा फायदा किती, हे कुणी बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तो आकडा काढण्याची सोय तेव्हाही होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या आकड्याची एक सुरुवात १९८२ची, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. गाठीच्या सेंटिमीटरमधल्या आकाराला ०.२ने गुणायचं, त्यात ग्रेडचे १ ते ३ आणि काखेतल्या ग्रंथींचे १ ते ३ गुण मिळवायचे. कागदावर मिनिटभरात होणारं गणित. पण ते डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी मांडलेलं होतं. आजार कुठवर जाईल याचा अंदाज त्यातून यायचा. औषधाने काय फरक पडेल, हे कळत नसे.

तो फरक मांडला टेक्सासच्या पीटर रावडिन यांनी. त्यांचं ‘अ‍ॅडज्युव्हंट!’ हे संगणकावरचं साधन २००१मध्ये प्रसिद्ध झालं. वय, गाठ, ग्रंथी यांची माहिती भरली की रंगीत पट्ट्या उमटायच्या: दहा वर्षांनी शंभरातल्या किती जणी हयात असतील, त्यातल्या किती केमोमुळे. तो कागद छापून बाईच्या हातात देता यायचा. या चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते. ‘केमोने धोका एक तृतीयांशाने घटतो’ हे वाक्य प्रत्येकीला सारखंच ऐकू येतं. पण कॅन्सर उलटण्याचा मूळ धोका तीस टक्के असेल, तर शंभरातल्या दहा जणी त्यातून वाचतात. तीन टक्के असेल, तर एक. उरलेल्या नव्व्याण्णव जणी उलट्या, गळणारे केस, हातापायांच्या मुंग्या फुकट सोसतात. पदरात लहान मूल असलेली बाई ‘एक टक्का असला तरी घेईन’ म्हणेल, सत्तरीची बाई ‘नको’ म्हणेल. दोघींचंही बरोबर असतं, मात्र आकडा दोघींना दिसलेला हवा.

‘अ‍ॅडज्युव्हंट!’ अमेरिकेतल्या नोंदींवर उभं होतं. ब्रिटनमधल्या बायकांच्या बाबतीत त्याचे अंदाज जरा जास्तच आशावादी निघाले. म्हणून २०१०मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ईस्ट अँग्लियातल्या ५,६९४ जणींच्या नोंदींवरून ‘प्रेडिक्ट’ बांधलं. तेही एका ठिकाणी चुकलं. हार्मोनला प्रतिसाद देणारा कॅन्सर असलेल्या चाळिशीच्या आतल्या बायकांमधले मृत्यू ते कमी दाखवत होतं. २०१७च्या आवृत्तीत ही चूक उघडपणे दुरुस्त झाली. या साधनावर माझा विश्वास बसला तो या दुरुस्तीमुळे.

मधल्या काळात गाठीतल्या जनुकांच्या चाचण्या आल्या. युरोपातल्या ‘मिंडॅक्ट’ अभ्यासात १,५५० जणी अशा होत्या, की ‘अ‍ॅडज्युव्हंट!’ त्यांचा धोका मोठा सांगत होतं आणि जनुकं छोटा. २०१६मध्ये निष्कर्ष आला: केमो न घेतलेल्यांपैकी ९४.७ टक्के जणींचा कॅन्सर पाच वर्षांत दूरच्या अवयवांत पसरला नव्हता. केमो घेतलेल्यांशी फरक होता दीड टक्क्याचा. दीड टक्का थोडा की फार, हे कुठलीच चाचणी सांगत नाही. ते जिला सोसायचंय तिनेच ठरवायचं.

आपल्याकडे कॅन्सरची नोंदवही मुंबईत १९६३पासून आहे, बार्शीसारख्या ग्रामीण भागात १९८७पासून. अशा नोंदींतून दिसतं, की भारतात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात आढळतो. म्हणजे ‘प्रेडिक्ट’ जिथे अडखळलं होतं, तिथेच आपल्या कितीतरी बायका उभ्या असतात. शिवाय ओपीडीत डॉक्टर बोलतात ते बहुधा नवऱ्याशी किंवा मुलाशी.

मागच्या वर्षी मावसबहिणीला हाच कॅन्सर निघाला, तेव्हा तिच्यासोबत ओपीडीत गेले होते. संगणकावर ‘प्रेडिक्ट’ उघडलं होतं. भाऊजी पडद्याकडे झुकले, तेव्हा डॉक्टरबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. शंभर छोटी चित्रं होती, त्यातली काही वेगळ्या रंगाची. तिने ती बोटाने मोजली, मग विचारलं, “डॉक्टर, या शंभर जणी कुठल्या?”

“इंग्लंडच्या,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून पहिल्यापासून समजावू लागल्या.