जुन्या कॅमेऱ्याचे अडकणारे बटण

कापडाच्या धंद्यात आम्ही बरीच वर्षे नमुन्यांचे फोटो रोलच्या छोट्या कॅमेऱ्याने काढून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पाठवत असू. मोबाइल आला आणि हे कॅमेरे कपाटात गेले. आता तरुण मंडळी तेच हौसेने मागू लागली आहेत. 2024 साली पेंटॅक्स कंपनीने तर ‘17’ नावाचा नवा रोलचा कॅमेरा काढला. तेव्हा जुन्या मालाचा व्यवहार करणाऱ्यांनी आणि घड्याळ-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी या कॅमेऱ्याचा एक नेहमीचा ऐब ओळखून ठेवावा. तो म्हणजे फोटोचे बटण दाबले की खालीच राहते, किंवा दाबूनही फोटो निघत नाही. असा माल पुष्कळदा भंगाराच्या भावात जातो, आणि तिथेच नुकसान होते.

आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहावे. बहुतेक ऑटोफोकस कॅमेऱ्यांत बटणाखाली पितळी पात्या असतात. अर्धे दाबले की पहिली जोड मिळते, प्रकाश व अंतर मोजले जाते आणि दिवा लागतो. पूर्ण दाबले की दुसरी जोड मिळते आणि शटर उघडते. बटण वर येत नसेल तर कडेला घाम, धूळ व जुने ग्रीस साचून चिकटा झालेला असतो. बटण मोकळे आहे पण दिवा लागत नाही, तर पात्यांवर गंज धरलेला असू शकतो. मात्र त्याआधी नवा सेल घालून पाहावा. मंद सेलमुळे फ्लॅश भरत नाही आणि गिऱ्हाईक दोष बटणाला देते.

चिकटा असेल तर कॅमेरा उघडू नये. रोल गुंडाळून बाहेर काढावा, सेल काढावा. कॅमेरा उलटा धरावा म्हणजे मळ आत न जाता बाहेर येईल. बारीक ब्रशच्या टोकावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घेऊन बटणाच्या कडेने फिरवावा, तीस-चाळीस वेळा बटण दाबावे आणि धुऊन मऊ झालेल्या मलमलीच्या तुकड्याने टिपावे. कापसाच्या काडीचे तंतू फटीत राहतात. अर्धा तास वाळू द्यावे, गरज पडल्यास पुन्हा करावे. थिनर वापरल्यास प्लास्टिक विरघळते. हात साफ करायच्या सॅनिटायझरमध्ये पाणी व ग्लिसरीन असते, तेही चालत नाही.

आणि तेल तर मुळीच घालू नये. यंत्रमागाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना सांगायला नको, तेल आणि रोवा एकत्र आले की काय लेप तयार होतो! दोन दिवस बटण लोण्यासारखे चालते, मग पहिल्यापेक्षा जास्त अडकते. शिवाय तेल पसरत शटरच्या पात्यांपर्यंत पोहोचले तर कॅमेराच गेला.

गंज काढायचा तर वरचे झाकण उघडावे लागते, आणि इथे जिवाची गोष्ट आहे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्टचा साठा असतो. सेल काढला तरी तो बराच वेळ, कधी कधी दिवसभरही टिकतो. काही जण स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात. त्यात पट्टी जळते आणि हातालाही झटका बसू शकतो. तारांवर आवरण असलेला एक-दोन किलो-ओहम, पाच वॅटचा रेझिस्टर काही सेकंद दोन्ही टोकांना लावावा आणि मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आले की मगच बोट घालावे. ज्याच्याकडे मीटर नाही त्याने झाकणाला हात लावू नये, काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. पात्यांवर अल्कोहोलचा ब्रश फिरवणे बहुधा पुरते. पाती वाकली असेल तर चिमट्याने अगदी थोडी सरळ करावी. तुटली असेल तर त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातून काढावी. म्हणून असे दोन-तीन बंद नग दुकानात ठेवावेत.

विकताना किंवा परत देताना गिऱ्हाइकाला बटण साफ केले आहे हे सांगावे. रोल आणि धुलाई दोन्ही आज महाग आहेत. छत्तीस फोटोंचा रोल वाया गेला तर तो माणूस पुन्हा दुकानात येत नाही. आधी रोल न घालता पंचवीस-तीस वेळा बटण दाबून पाहावे, अर्धे आणि पूर्ण दोन्ही, आणि रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा दाबावे.