मांस खाणारा दगड आणि आपला करंडा

‘सार्कोफॅगस’ या शब्दासाठी मराठीत आपण सहसा ‘दगडी शवपेटी’ लिहितो. वस्तू कळते, पण शब्दाच्या पोटातली गोष्ट हरवते. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘फागेइन’ म्हणजे खाणे. ‘मांसभक्षक’ हे नाव मुळात पेटीचे नव्हे, दगडाचे. आजच्या तुर्कस्तानातील अस्सोस येथील एक दगड दात वगळता सारे प्रेत चाळीस दिवसांत खाऊन टाकतो, असे पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. पुढे दगडाचे नाव पेटीला चिकटले.

गंमत अशी, की नेमका याच अर्थाचा शब्द आपल्याकडेही आहे : क्रव्याद. ‘क्रव्य’ म्हणजे मांस, ‘अद्’ म्हणजे खाणे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सोळाव्या सूक्तात तो प्रेत जाळणाऱ्या अग्नीसाठी येतो. तिकडे जे काम दगडाकडे सोपवले, ते इकडे आगीकडे.

मग आपल्याकडे दगडाच्या वाट्याला काय आले? बोरिवलीजवळच्या कान्हेरीला डॉ. जेम्स बर्ड यांनी 1839 मध्ये एक स्तूप उकरला, तेव्हा तांब्याच्या दोन पात्रांत राख सापडली. तिथून उत्तरेला, नालासोपाऱ्यात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये स्तूप खणला. आत दगडी पेटी होती. तिच्यात बुद्धांच्या आठ लहान मूर्ती, त्यांच्या मधोमध तांब्याचा करंडक. त्यात एकात एक चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक. सर्वांत आत सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

म्हणून सोपाऱ्याच्या पेटीला कुणी ‘शवपेटी’ म्हटले, की मला खटकते. तिच्यात शव कधी नव्हतेच. होती ती जपून ठेवलेली आठवण. तिला शोभणारा शब्द ‘करंडक’च. संस्कृतात ‘करंड’ म्हणजे वेताची वा बांबूची टोपली, डबी. इंग्रजी ‘कॉफिन’ही ‘कोफिनोस’ या टोपलीवाचक ग्रीक शब्दावरूनच आला. आणि सोपाऱ्याचा तो स्तूप ज्या टेकाडात होता, त्याचे गावातले नाव काय? बुरूड राजाचा कोट! बुरूड म्हणजे टोपल्या विणणारा. हा निव्वळ योगायोग; त्यावर सिद्धान्त उभारू नये.

पण शब्द अजून जिवंत आहे. स्तूपातला करंडक आणि देव्हाऱ्याजवळचा कुंकवाचा करंडा एकाच घरातले. ग्रीकांचा शब्द संपवणाऱ्या दगडाचा. आपला, जपणाऱ्या डबीचा.